माणिकबाईंनी सोडलेली भाकर

तुळशीवृंदावनाच्या दोन बाजूंना गेरू लावून झाला होता, दोन राहिल्या होत्या. कार्तिकातली दशमी होती. दुसऱ्या दिवशी एकादशी, मग द्वादशी म्हणजे चातुर्मासाचे नेम सोडायचा दिवस, आणि तिथून पौर्णिमेपर्यंत कधीही तुळशीचं लग्न. वाटीतला गेरू आळत आला म्हणून मी त्यात पाणी घालत होते, तेवढ्यात फाटक वाजलं आणि प्रतीक्षा आत आली. प्रतीक्षा म्हणजे शेजारच्या माणिकबाईंची सून. ओढणीखाली काहीतरी झाकून आणलेलं.

"काकू, आधी हात धुवा," ती म्हणाली. "देवाचं आहे."

मी हात धुतले. तिने ओढणीखालून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरला. आत खोबऱ्याचे पिवळे पडलेले तुकडे होते. फुटाणे होते, शिऱ्याचे वाळून खडे झालेले घास होते, पेढे होते, आणि एका कोपऱ्यात मुंग्या. त्यातला सुंठवडा मी लगेच ओळखला. गोकुळाष्टमीला मीच केला होता. किसणी मोडली म्हणून खोबऱ्याचे काप करून घातले होते.

"आईच्या देवघराखालच्या फळीवर होता. मुंग्यांची रांग दिसली म्हून पाह्यलं. हा सगळा पोथीचा प्रसाद आहे न काकू? आई रोज पदराले बांधून आणते. मंग खात काहून नाही?"

प्रसादाचं आमच्याकडे असं आहे, की नको म्हणता येत नाही आणि टाकता येत नाही. घेतला की कपाळाला लावून तोंडात घालायचा. अगदीच नाही जमलं तर गाईला द्यायचा. पण आमची गल्ली अशी, की गाईपुढे मूठ उघडली तरी दोन दारांतून विचारणा होते. माणिकबाईंनी तो खाल्ला नव्हता, टाकला नव्हता, गाईलाही दिला नव्हता. सांभाळून ठेवला होता.

"तुला काय वाटलं?" मी विचारलं.

प्रतीक्षाने डब्याच्या काठावर चढलेली मुंगी बोटाने झटकली. मग म्हणाली, "आईनं आषाढात भाकर सोडली न, तवा मले वाटलं, माह्या हातची खावी लागू नये म्हून सोडली. पण प्रसाद तर माह्या हातचा नाही."

मी गेरूची वाटी पायरीवर ठेवली आणि डबा तिच्याकडून घेतला.

मी रोज वहीत चार ओळी लिहिते. तिथी, पोथीचा अध्याय, घरात कोण आलं-गेलं. माणिकबाईंबद्दल लिहायला चार ओळी पुरायच्या नाहीत, म्हणून जरा मागून सुरू करते.

माणिकबाई नांदगाव खंडेश्वरकडच्या. माहेरी मळा, सासरीही मळा. गोवर्धनभाऊंचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, आमच्या मूर्तिजापूरच्या बाहेर विहिरीवरचा तुकडा होता, अजूनही आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दसरा-दिवाळी धरून झेंडू. पहाटे दोघं मिळून तोडा करायचे आणि दिवस वर यायच्या आत माणिकबाई डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात बसलेल्या असायच्या. गिऱ्हाईक वांगं उलटून-पालटून पाहू लागलं की म्हणायच्या, "घे वो माय, वांगं आहे थे. पोरगी पाहाले आल्यासारखी काय पाहून राहिली?"

मी लग्न होऊन अकोल्याहून इथे आले तेव्हा आमच्या यांची नोकरी रेल्वेत होती, छोट्या लायनीवर. मला पोळ्या येत होत्या, भाकर येत नव्हती. यांना डब्यात भाकरच लागायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझी भाकर तव्यावर टाकताना तुकडे होऊन पडली, आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "काय वो नवी नवरी, काय जळून राह्यलं?" मग माणिकबाई स्वतःच आल्या. परात पुढ्यात ओढली. "रेल्वेवाल्याची बायको आन् भाकर येत नाही? मंग डब्यात काय बांधून देशीन त्याले, हवा?" बोलता बोलता पीठ मळलं, काठाकडून थापत थापत भाकर परातीत गोल फिरवली, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. फुगली ती अशी, की मी बघतच राहिले. मग तीच भाकर मोडून, त्यावर ठेचा ठेवून पहिला घास मला भरवला. "आता तुह्या हातची मी खाईन. जमत नाही तवर रोज येईन." खरंच आल्या. माझ्या हातच्या कच्च्या, जळक्या, दगडासारख्या भाकरी माणिकबाईंनी खाल्ल्या आहेत.

त्यांचं जेवण पाहावं. मळ्यात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून फडकं सोडायच्या. आत दोन भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, जागच्या जागी उपटलेला पातीचा कांदा. घास मोठा, चावणं सावकाश, आणि मध्ये मध्ये बोलणं. जेवलेल्या माणसालाही त्यांच्याजवळ बसून भूक लागायची. गोवर्धनभाऊ म्हणायचे, "हिचं खाणं पाहून बैल बी लाजते."

गोवर्धनभाऊ गेले त्याला काही वर्षं झाली. त्यांना खर्र्याची, तंबाखू-सुपारीची सवय होती. घास अडकतो म्हणू लागले, नागपूरला नेलं, आणि परत आले ते नाकातून नळी घालून. शेवटचे महिने माणिकबाईच त्यांना सगळं द्यायच्या. ज्वारीच्या कण्या शिजवायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या, पिचकारीने हळूहळू नळीतून सोडायच्या. एकदा मी गेले तेव्हा भाऊ हाताने काहीतरी खूण करत होते. मला समजली नाही. माणिकबाई उठल्या, बोटाच्या टोकावर ठेचा घेतला आणि त्यांच्या जिभेला लावला. भाऊंनी डोळे मिटून घेतले. माणिकबाई पदराने बोट पुसत मला म्हणाल्या, "गिळता येत नाही, पण तोंडाले तर आठवते न."

त्यानंतर मळा सागरने घेतला, त्यांच्या मुलाने. दोन वर्षांमागे त्याचं लग्न झालं, चांदूर रेल्वेची मुलगी, हीच प्रतीक्षा. शिकलेली, बोलायला गोड, पण भाकर थापता येत नव्हती, पोळपाटावर लाटायची. चंदा म्हणजे आमच्या पोथीच्या बायांतली सगळ्यांत बोलकी बाई. तिने ते एकदा पाहिलं आणि गल्लीला पुरेल एवढं हसली. माणिकबाई मात्र हसल्या नव्हत्या. म्हणाल्या, "लाटली का थापली, तव्यावर गेल्यावर सारखीच."

मग या आषाढात माणिकबाईंनी भाकर सोडली.

आमच्या विठ्ठल मंदिरात चार महिने पोथी असते आणि सुरुवातीला प्रत्येक बाई काहीतरी नेम धरते. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण, कुणी एकवेळ जेवतं. चंदाने वांगं सोडलं होतं. माणिकबाई उभ्या राहून म्हणाल्या, "मी भाकर सोडली." माणिकबाईंनी भाकर सोडायची म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. श्रावणात त्यांनी पोळीही सोडली, आणि मौन धरून जेवू लागल्या. जेवताना एक शब्द नाही. भाद्रपदात आणखी एक नेम वाढला: घासाघासाला 'गोविंद' म्हणायचं आणि तुळशीच्या पाण्याचा घोट घ्यायचा. ताटात तरी काय, आंबील नाही तर पातळ वरण. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. बाया म्हणायच्या, "तपाचं तेज आहे वो." आणि बघता बघता निम्म्या बाया घासागणिक पाणी पिऊ लागल्या. चंदाने तर तांब्या सोबतच ठेवला होता.

पण हीच चंदा मंदिराच्या पायरीवर चप्पल घालताना असंही म्हणायची, "तप कायचं वो, सुनेच्या हातच्या लाटलेल्या भाकरी खायच्या नाहीत, म्हून देवाले पुढं केलं." हे प्रतीक्षापर्यंत जात होतं. तिने या चार महिन्यांत भाकर थापायला शिकून घेतलं होतं, ते मात्र कुणी बोललं नाही.

तर, दशमीला मी तो डबा घेऊन माणिकबाईंकडे गेले.

त्या मागच्या अंगणात झेंडूच्या माळा करत बसल्या होत्या. तुळशीच्या लग्नांची गिऱ्हाइकी असते. समोर फुलांचा ढीग, हातात लांब सुई. माझ्या हातातला डबा पाहिला. सुई थांबली नाही, नुसती मंद झाली.

"पोरीनं आणून देल्ला वाटते," त्या म्हणाल्या.

"मुंग्यायनं दाखवला तिले. लपवायचं होतं तर पेढे तरी नव्हते ठेवायचे."

"बस." त्यांनी पाट पुढे सारला. "बरं झालं आली. मीच येणार होती तुह्याकडे. परवा उद्यापन आहे. तू बायायले सांगून दे, माणिकबाईनं भाकर जन्माची सोडली. तू सांगतलं तर कोणी पुढं बोलत नाही."

माझं पोथीचं वाचन आहे, नेमधर्म सांभाळते, म्हणून बाया मला विचारतात एवढंच. पण ते खरं होतं. मी सांगितलं असतं तर कुणी पुढे बोललं नसतं.

"जन्माची सोडायची तर तीर्थावर सोडतात," मी म्हणाले. "तुमी कुठी सोडली?"

"इथंच. मनातल्या मनात."

मी डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि झाकण काढलं. "बाई, याच्यातला एक फुटाणा माह्यासमोर खा. मी आत्ता जाऊन घरोघर सांगून येते."

त्यांनी सुई फुलात टोचून ठेवली. एक फुटाणा घेतला, कपाळाला लावला. ओठांपर्यंत नेला. तिथेच हात थांबला. मग तो फुटाणा त्यांनी सावकाश परत डब्यात ठेवला.

"नाही उतरत वो रुख्मिणी."

"कवापासून?"

"मागच्या हिवाळ्यात धुऱ्यावर बसली होती. भाकरीचा घास इथं येऊन बसला." त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "वाटलं ठसका आहे. पाणी पेली, गेला. मंग रोजच बसाले लागला. आंब्याच्या दिवसांत बरं होतं, घरोघरी आमरस, कोणाले कळलं नाही. थे दिवस सरले आन् मले घोर लागला, आता ताटावर काय सांगू? तेवढ्यात आषाढी आली."

"म्हून नेम धरला."

"म्हून धरला. मंग पोळी बी अडकाले लागली, थे बी सोडली. जेवताना बोललं का घास चुकते, म्हून मौन. पाण्याबिगर उतरत नाही, म्हून घासाघासाले पाणी." हे सांगताना त्या जराशा हसल्या. "आन् त्या बाया माह्या मांगं मांगं तांबे घेऊन फिरून राहिल्या. मले हासू बी ये आन् रडू बी ये."

"सागरला काहून नाही सांगितलं?"

माणिकबाई फुलांकडे पाहत राहिल्या. "सागरच्या बापानं सांगतलं होतं न. लगेच सांगतलं, लगेच नागपूरले नेलं. आणलं तर नाकात नळी. मी त्या नळीतून कण्या सोडल्या, माहितीच आहे तुले. मी महादेवाले म्हटलं, भाकर घे, पोळी घे, भात घे. नळी देऊ नको." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंग हा नेमच झाला न? देवाले सांगूनच सोडली मी."

मला त्या क्षणी 'हो' म्हणता आलं असतं. त्यांना तेवढंच हवं होतं. पण मी इतकी वर्षं देवापुढे बसते, मला ते म्हणवेना.

"खाता येते आन् खात नाही, त्याले नेम म्हणतात, बाई. तुमाले खाताच येत नाही. मी कोणाले खोटं सांगणार नाही. तुमाले सांगायचं तर तुमी सांगा, नाही तर मी गप्प राहीन. पण दवाखान्यात गेल्याबिगर हे जाणार नाही."

"लय कडक आहेस तू."

"असन. पण एक गोष्ट तुमाले माहीत नाही म्हून सांगते. प्रतीक्षाले वाटते, तुमी तिच्यापायी भाकर सोडली."

माणिकबाईंनी मान वर केली. "कोण म्हणते?"

"गल्ली म्हणते. चंदा म्हणते. पोरगी आषाढापासून ऐकून राहिली."

माणिकबाईंनी मांडीवरची माळ बाजूला सारली. सुई हातात घेतली, पुन्हा ठेवली. आतून तव्यावर उलथण्याचा आवाज येत होता, प्रतीक्षा स्वयंपाकाला लागली होती. भाजलेल्या ज्वारीचा वास अंगणापर्यंत आला.

"तिची भाकर तर आता चांगली फुगते," माणिकबाई म्हणाल्या. "वासावरूनच समजते. करपू देत नाही. मी रोज तिथं चुलीपाशी बसून वास घेते, तिले वाटत असन सासू पहारा देऊन राहिली."

मी उठले. डबा तिथेच ठेवला. घरी येऊन गेरूच्या वाटीत पाणी घातलं, पण हात चालेना. वृंदावन तसंच राहिलं.

एकादशीला माणिकबाई मंदिरात आल्या, कोपऱ्यात बसल्या, पोथी ऐकली. प्रसाद घेतला, पदराला बांधला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे गेले नाही. विठ्ठलाला मी एवढंच म्हटलं, की या बाईला उद्यापर्यंत बोलायचं बळ दे.

द्वादशीचं उद्यापन आमच्याकडे असं होतं, की ज्या बाईने जे सोडलं असेल ते तिने करून आणायचं, देवाला दाखवायचं, थोडं दान द्यायचं, आणि मग पहिला घास दुसऱ्या कुणाच्या हातून खायचा. आपल्या हाताने नेम सुटत नाही. मंदिरात ताटं मांडली होती. वांग्याचं भरीत होतं, कांद्याची भजी होती. माणिकबाईंच्या पुढ्यात झाकलेली पाटी होती, फडक्याखाली भाकरी. प्रतीक्षानेच केल्या होत्या, त्या दिवशी सकाळी. त्यात मीठ घालू की नको, हे ती मला दोनदा विचारून गेली होती.

चंदाचा नेम सुटला. तिच्या बहिणीने तिला भरताचा घास भरवला आणि तिने डोळे मिटून "वा रे वांग्या" म्हटलं, सगळ्या हसल्या. मग माणिकबाईंची पाळी आली.

"कोण भरवते माणिकबाईले?" चंदा म्हणाली. "रुख्मिणीबाई, तुमीच भरवा."

"नाही," माणिकबाई म्हणाल्या. "माह्या सुनेले बोलवा."

प्रतीक्षा खांबाशी उभी होती. ती पुढे आली, गुडघ्यांवर बसली. तिने भाकर मोडली. भाकरीचा पापुद्रा वेगळा झाला, आत वाफ अजून होती. तिने लहानसा घास केला, भरतात बुडवला आणि सासूच्या तोंडाजवळ नेला. माणिकबाई हट्टाने तो घास तोंडात घेतील की काय, असं मला वाटलं.

माणिकबाईंनी तोंड उघडलं नाही. ओंजळ पुढे केली आणि घास ओंजळीत घेतला.

"बायांनो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा बाजारातला आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. "हा घास माह्या सुनेच्या हातचा आहे. मले खाऊ वाटून राह्यला. पण मले गिळता येत नाही. हिवाळ्यापासून येत नाही. भाकर अडकते, पोळी अडकते, आता भात बी अडकते. मी तुमाले नेम म्हून सांगतलं, थो नेम नव्हता. देवाच्या नावानं मी खोटं बोलली." त्यांनी एका हाताने स्वतःच्या गालात मारून घेतलं, मग दुसऱ्या गालात. "माह्या सुनेचं याच्यात काही नाही. तिची भाकर माह्याहून पातळ होते आता. कोणी तिले बोलत असन तर आजपासून मले बोला."

प्रतीक्षा मान खाली घालून होती, तिच्या पाठीकडे पाहूनच समजत होतं ती रडते आहे. चंदाचा चेहरा उतरला होता. ती इकडे-तिकडे पाहू लागली, आणि शेवटी तिच्या तोंडून निघालं, "मंग वो बाई, मी घासाघासाले पाणी पिऊन पिऊन पोट कायले फुगवलं?"

आधी कुणीतरी तोंडाला पदर लावला, मग सगळ्याच हसल्या, माणिकबाईही. हसता हसता त्यांना ठसका लागला. प्रतीक्षा त्यांची पाठ चोळू लागली, चंदा आपला तांब्या घेऊन धावली. त्या ठसक्यात पहिल्यांदा आम्ही सगळ्यांनी पाहिलं, त्या किती वाळल्या होत्या. तेज-बिज काही नव्हतं. हाडं होती.

ओंजळीतला घास माणिकबाईंनी विठ्ठलापुढे ठेवला.

सागरला घरी सांगितलं तेव्हा तो आईवर ओरडला. "मले काहून नाही सांगतलं? मी काय मेलो होतो?" माणिकबाई त्याला एवढंच म्हणाल्या, "तुह्या बापाले तू पाह्यलं हाय, बाबू." मग तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. थोड्या वेळाने मीच त्याला चहा नेऊन दिला. त्याने कप घेतला, पण प्यायला नाही.

त्रयोदशीला इथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोटाला हात लावून पाहिला, मान चाचपली, वजन केलं. काय काय उतरतं, काय उतरत नाही, कधीपासून, सगळं विचारलं. माणिकबाईंनी काही लपवलं नाही. डॉक्टर म्हणाले, अन्ननलिका कुठेतरी अरुंद झाली आहे, कशाने ते दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. कारणं बरीच असतात, काही साधी, काही नाहीत. अकोल्याला जावं लागेल. चिठ्ठी लिहून दिली.

"साहेब, नळी घालान का?" माणिकबाईंनी विचारलं.

डॉक्टर लिहायचे थांबले. "आजी, आधी आत काय आहे ते तर पाहू द्या. लवकर आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण आल्या, हे चांगलं केलं."

परत येताना रिक्षात मी आणि प्रतीक्षा माणिकबाईंच्या दोन बाजूंना होतो. रेल्वे फाटकापाशी थांबलो तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टरनं नळीले नाही म्हटलं नाही."

"'हो' बी म्हटलं नाही," मी म्हणाले.

"नळीच सांगतली तर?"

मला खोटं सांगता येत नव्हतं, खरं माहीत नव्हतं. प्रतीक्षाने सासूचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "सांगतली तर कण्या मी गाळीन. तुमी बसून पाहा, बरोबर गाळून राहिली का नाही."

माणिकबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "फडकं मलमलचं घेजो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यातून कोंडा उतरते."

आज चतुर्दशी. सकाळी चंदा स्वतःहून आंबील गाळून घेऊन आली, वाटी माणिकबाईंच्या हातात देऊन काही न बोलता निघून गेली. तिला न बोलता जाताना मी प्रथमच पाहिलं. दुपारी माणिकबाई आणि प्रतीक्षा डबा घेऊन मळ्यात गेल्या आणि तो सगळा प्रसाद त्यांनी वांग्यांच्या वाफ्यात मातीआड केला. आल्यावर माणिकबाई भिंतीवरून म्हणाल्या, "आज रातच्यापासून काही खायचं नाही, पाणी बी नाही, डॉक्टरनं सांगतलं. हा उपास मात्र खरा आहे हो रुख्मिणी." मी म्हणाले, "हा पाळा."

वृंदावनाच्या दोन बाजू अजून तशाच आहेत. गेरू वाटीला धरून वाळला. यांनी विचारलं, लग्न उद्या पौर्णिमेला लावायचं ना? म्हटलं, आल्यावर लावू, उशीर झाला तरी तिन्हीसांजेला लावू. अर्ध्या रंगलेल्या वृंदावनात लागलं तर लागलं.

उद्या सकाळच्या पॅसेंजरने माणिकबाई, प्रतीक्षा आणि मी अकोल्याला जाणार आहोत, दुर्बिणीच्या तपासणीला.